सोय असावी, अट नसावी

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांचा शपथविधी झाला आणि लगोलग मेक्सिकोच्या सीमेवर ताटकळणाऱ्या हजारो लोकांच्या मोबाइलवर निरोप आला: भेटीची वेळ रद्द. काहींची वेळ त्याच दिवशी दुपारची होती. अमेरिकेत आश्रय मागण्यासाठी वेळ देणारे, तिथल्या सीमा खात्याचे 'सीबीपी वन' ॲप एका फटक्यात बंद झाले होते.

या ॲपला सरसकट नावे ठेवणे मात्र न्यायाचे नाही. त्याआधी मेक्सिकोच्या सीमेवरच्या तिहुआना शहरात आश्रयार्थींची यादी चक्क वहीत लिहिली जाई आणि तिच्यातल्या वशिलेबाजीच्या तक्रारी काही संपत नसत. जानेवारी २०२३ पासून ॲपमुळे ठरल्या दिवशी, सीमेवरच्या ठरल्या नाक्यावर, दलालाचे हात ओले न करता जाता येऊ लागले. पुढे रोज १,४५० जणांना वेळ दिली जाऊ लागली. २०२४ अखेर नऊ लाखांहून अधिक लोकांना वेळ मिळाली होती. नाक्यावरचे मनुष्यबळ तुटपुंजे असेल, तर प्रशासनाने रांग लावण्यात गैर काही नाही.

पण या रांगेत सारे सारखे नव्हते. ॲप इंग्रजी, स्पॅनिश आणि हैतीची क्रिओल एवढ्याच भाषांत होते. ग्वातेमालातल्या माया भाषा बोलणाऱ्यांनी काय करायचे? कॅमेरा आपला चेहरा टिपत नाही, अशी कृष्णवर्णीयांची तक्रार होती. फोटो स्वीकारला जावा म्हणून लोक तोंडावर दिव्याचा झोत पाडत. शिवाय वाट पाहायची ती महिनोन्‌महिने, आणि मेक्सिकोतल्या रेनोसासारख्या अपहरणांसाठी कुप्रसिद्ध शहरांत.

खरी मेख अमेरिकी सरकारच्या मे २०२३च्या नियमात होती. कोणत्याही वाटेने अमेरिकेच्या भूमीवर पोहोचलेल्याला आश्रय मागण्याची मुभा तिथला कायदा देतो. नव्या नियमाने मात्र, मोजके अपवाद वगळता, वेळ न घेता आलेल्याला आश्रयासाठी अपात्र मानायला सुरुवात केली. सोय म्हणून आलेले ॲप अशी अट होऊन बसले.

मार्च २०२५ मध्ये तेच ॲप 'सीबीपी होम' झाले. आता त्यावर देश सोडून जाण्याची नोंद करायची. सरकार बदलले की ॲपचे काम उलटे होऊ शकते, हे यातून दिसले. म्हणून ॲप जरूर ठेवावे. पण जीव मुठीत धरून नाक्यावर आलेल्याचे म्हणणे, त्याच्याकडे फोन नसला तरी, अधिकाऱ्याने तिथेच ऐकून घेतले पाहिजे. आणि दिलेली वेळ पाळण्याचे बंधन सरकारवरही हवे.