बायबलाचा पाठ आणि विश्वास

शतकानुशतकें ज्यांत फेरफार होत आले, त्या बायबलावर विश्वास कसा ठेवावा, असा प्रश्न पुष्कळ सुशिक्षित करितात. प्रश्न रास्त आहे. पण त्यांत फेरफार आणि संशोधन यांची गल्लत होते. खतावणीविषयीं संशय आल्यास व्यापारी रोजकीर्द काढून ताडून पाहतो. पंडितांनींही तेंच केलें. मृत समुद्राजवळील गुहेंत १९४७ सालीं सांपडलेली यशयाची गुंडाळी मध्ययुगीन हिब्रू प्रतींहून सुमारें हजार वर्षें जुनी निघाली. पाठभेद पुष्कळ, परंतु बहुतेक किरकोळ. उलट, मार्काच्या शुभवर्तमानांतील शेवटचीं १२ वचनें चौथ्या शतकांतील दोन प्रमुख ग्रीक प्रतींत नाहींत. १८८१ च्या इंग्रजी सुधारित आवृत्तीनें तें समासांत स्पष्ट नमूद केलें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताचें असेंच संशोधन केलें. त्यानें व्यासांची थोरवी उणावली नाहीं.

पाठ शुद्ध ठरला म्हणजे त्यांतील मत सत्य ठरलें असें नव्हे. तो विचार प्रत्येकानें स्वबुद्धीनें करावा. परंतु खाडाखोड लपविणाऱ्या वहीचें भय धरावें, ती उघड दाखविणाऱ्या वहीचें धरूं नये, एवढें आमचे वाचक पेढीवर रोज जाणतातच.