शंभर टक्क्यांची भीती

धरण शंभर टक्के भरले, ही आपल्याकडे आनंदाची बातमी असते. ऑगस्ट-सप्टेंबरात वाघूर किंवा गिरणा धरणाचा आकडा वर सरकू लागला, की जळगावची माणसे सकाळी वर्तमानपत्रात आधी तोच शोधतात. मुलाला गणितात शंभरपैकी शंभर मिळाले तर गल्लीत पेढे वाटले जातात. पण त्याच मुलाच्या संगणकावर खेळ चालू असताना ‘प्रोसेसर शंभर टक्के’ असे दिसले, की घरात घबराट पसरते. मुलाला वाटते, यंत्र कमी पडले. वडिलांना वाटते, यंत्र आता जळणार. आई म्हणते, हे खेळच बंद करा. आणि दुकानदार सांगतो, नवा प्रोसेसर टाका, त्याबरोबर मदरबोर्ड आणि मेमरीही बदलावी लागेल. चौघेही एकाच आकड्याकडे पाहत असतात. तो आकडा सांगतो काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

मी मेहरूणमध्ये राहतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात आयुष्य गेले. त्यामुळे सकाळी तलावावर फिरायला गेलो तरी ओळखीचे लोक गाठतात आणि “भाऊ, पोराचं कॉम्प्युटर फार गरम होतंय, बदलू का?” असे विचारतात. प्रश्न साधा वाटतो, पण मध्यमवर्गीय घरात तो पंचवीस-तीस हजार रुपयांचा असतो. शिवाय त्यात बाप-लेकाचे भांडण असते, ते वेगळेच. माझे मत स्पष्ट आहे. आकडा समजल्याशिवाय पैसा खर्च करू नये, आणि आकडा समजल्याशिवाय मुलावर रागावूही नये.

आकडा मोजतो काय?

प्रोसेसर शंभर टक्के याचा अर्थ एवढाच, की मोजलेल्या त्या क्षणी तो रिकामा बसलेला नव्हता. तो फार ताकदीने काम करत होता की मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहत ताटकळला होता, हे त्या आकड्यातून कळत नाही. दोन्ही वेळा आकडा सारखाच दिसतो. दुकानातला नोकर दिवसभर उभा होता म्हणजे त्याने दिवसभर माल विकला, असे आपण म्हणत नाही, तसेच हे.

आता खेळ कसा चालतो ते पाहू. पडद्यावरची हालचाल म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात प्रोसेसरने कळफलकावरचे बोट ओळखायचे, शत्रू कुठे पळाला ते ठरवायचे, भिंतीवर आपटलेला चेंडू कुठे जाईल याचा हिशेब करायचा, आवाजाची तयारी करायची आणि शेवटी ‘आता हे चित्र काढ’ असा हुकूम ग्राफिक्स कार्डाला द्यायचा. रंगकाम कार्डाचे, कारभार प्रोसेसरचा.

यातली मेख अशी की, बहुतेक खेळ ‘बस, इतके पुरे’ असे आपणहून म्हणत नाहीत. मर्यादा घातली नसेल तर ६० चित्रे झाल्यावर ते ९० काढू पाहतात, ९० झाल्यावर दीडशे. म्हणजे दोघांपैकी एक जण कुठेतरी दमणारच. कार्ड दमले तर कार्डाचा आकडा शंभरच्या जवळ जातो. कार्ड तगडे असेल तर प्रोसेसरचा. काही जुने खेळ तर नुसती सुरुवातीची यादी पडद्यावर असतानाही प्रोसेसरला फिरवत ठेवतात. तेव्हा कुठलातरी एक भाग पूर्ण कामाला लागणे हा आजार नव्हे, तो खेळाचा स्वभाव आहे.

उलट गोष्टही खरी आहे. आकडा कमी दिसला म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. ते समजायला आपल्या स्वयंपाकघरात जावे लागेल.

खापर एकच

आखाजीला खान्देशात खापरावर मांडे होतात. पुरण वाटणे, पीठ तिंबणे, लाटी भरणे ही कामे चौघींत वाटून घेता येतात. पण मांडा हातावर फिरवत मोठा करून खापरावर टाकणारी एकच सुगरण असते आणि चुलीवर खापरही एकच. मदतीला आणखी चार जावा आल्या म्हणून मांडे चौपट वेगाने उतरत नाहीत. त्या चौघी पदर खोचून तयार असतात, पण वाट खापराचीच पाहतात.

आजच्या प्रोसेसरमध्ये असेच चार, सहा, आठ कारभारी एकत्र बसवलेले असतात. त्यांना कोअर म्हणतात. खेळाचा मुख्य हिशेब मात्र पुष्कळदा एकाच कोअरवर चालतो, कारण आधीचे ठरल्याशिवाय पुढचे ठरत नाही. गोळी लागली की नाही हे कळल्याशिवाय शत्रू पडला की नाही हे कसे ठरणार? आठांपैकी एक कोअर घामाघूम आणि सात रिकामे असतील तर एकूण आकडा दिसतो साडेबारा टक्के. मुलगा म्हणतो, प्रोसेसर तर आरामात आहे, मग खेळ अडखळतो का? अडखळतो, कारण खापर एकच आहे.

अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच हे मांडले होते. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तो एकूण वेगाला मर्यादा घालतो, मग माणसे कितीही लावा. आपल्या पुण्यात सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तोही अनेक प्रोसेसर एकत्र जोडूनच. अशा यंत्रात प्रोसेसर जोडण्याइतकेच अवघड असते ते त्यांच्यात काम वाटून देणे. महासंगणकाच्या शास्त्रज्ञांपुढचा हा प्रश्न आज मेहरूणच्या एखाद्या दहा बाय दहाच्या खोलीत, दहावीतल्या मुलाच्या टेबलावर येऊन बसला आहे. मला तरी यात रागावण्यासारखे काही दिसत नाही.

जळगावचा उन्हाळा

प्रोसेसरमध्ये अनेक कोअर आले, त्यामागचे एक मोठे कारण उष्णता हे आहे. १९९३ मध्ये इंटेलचा पहिला पेंटियम आला तेव्हा त्याचा वेग ६० ते ६६ मेगाहर्ट्‌झ होता. तो घडवण्यात मोठा वाटा असलेले विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. पुढच्या अकरा वर्षांत, २००४ पर्यंत, पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोहोचला. त्यापुढे वेग वाढवावा तर चिप आवरेना इतकी तापू लागली. म्हणून २००५ पासून घरगुती संगणकांत एका वेगवान कारभाऱ्याऐवजी दोन, मग चार, असे बसवले जाऊ लागले.

उष्णतेची ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. पत्र्याच्या घरात किंवा गच्चीखालच्या खोलीत दुपारी काय होते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साधा पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पूर्ण काम करताना एखादा प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी अधिक तापतो असे धरा. हिवाळ्यात खोली २५ अंशांवर असेल तर तो ७५ वर राहील. उन्हाळ्यात खोली ४२ वर गेली तर तोच ९२ वर. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. वेग कमी झाला की तेच काम करायला वेळ जास्त लागतो, म्हणून आकडा शंभरावर चिकटतो आणि खेळ रखडतो. जानेवारीत नीट चालणारा खेळ मे महिन्यात अडखळू लागला, तर प्रोसेसर म्हातारा झाला असे समजू नका; आधी ऋतू आठवा.

माझ्या गल्लीतल्या एका मुलाचे असेच झाले. शहरातल्या एका दुकानात त्याच्या वडिलांना सांगितले गेले, की प्रोसेसर संपला, नवा घ्या. त्यांनी सोसायटीतून कर्ज काढायची तयारी केली होती. आम्ही डबा उघडला. प्रोसेसरवरच्या धातूच्या पाकळ्यांमध्ये धुळीचा नमदा बसला होता आणि पंख्याची हवा आत शिरतच नव्हती. यंत्र बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने ती धूळ काढली. प्रोसेसर आणि पाकळ्या यांच्यामधला उष्णतावाहक लेप वाळला होता, तो नवा लावला. संगणक भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. खर्च काही शे रुपयांचा. मुलाने त्याच संध्याकाळी तोच खेळ लावला आणि वडील शेजारी खुर्ची घेऊन बसले.

न बोलावलेला पाहुणा

कधी कधी खेळ निर्दोष असतो आणि खाणारा भलताच असतो. पाठीमागे विंडोजचे अपडेट चालू असते, विषाणूशोधक सगळी डिस्क चाळत असतो, ब्राउझरमध्ये तीस पाने उघडी असतात. नवा खेळ पहिल्यांदा लावला की ‘शेडर’ नावाच्या चित्रसूचना तयार करायला तो काही मिनिटे सगळे कोअर वापरतो; तेव्हा थोडा धीर धरणे हाच उपाय.

पण एक पाहुणा घातक आहे. फुकट मिळते म्हणून मुले चोरीची प्रत उतरवतात. ‘अ‍ॅव्हास्ट’ या सुरक्षा कंपनीने २०२१ मध्ये ‘क्रॅकोनॉश’ नावाचा प्रोग्राम उघडकीस आणला. तो खेळांच्या चोरीच्या प्रतींतून शिरत असे, विषाणूशोधक बंद पाडत असे आणि दुसऱ्याच्या संगणकावर मोनेरो हे आभासी चलन कमवत असे. जगभरात दोन लाखांहून अधिक संगणक त्याने ग्रासले होते. म्हणजे वीज तुमची, यंत्र तुमचे आणि कमाई भलत्याची. खेळ बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनीही पंखा घोंगावत असेल आणि आकडा खाली येत नसेल, तर आधी हीच शंका घ्यावी.

मोजा, मग खर्च करा

तपासणी कठीण नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. कोण किती खातो, याची यादी तिथे मिळते. आलेखावर उजवे बटण दाबून प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख पाहता येतो. ग्राफिक्स कार्डाचा आकडाही तिथेच दिसतो.

मग एक सोपा प्रयोग करा. खेळातील चित्राचा बारकावा, म्हणजे रिझोल्यूशन, कमी करा. चित्रांची गती वाढली तर अडचण कार्डाची होती. गती होती तिथेच राहिली तर अडचण प्रोसेसरची. तसे असेल तर खेळातली गर्दी, वाहने आणि दूरवर दिसणारा प्रदेश कमी करून पाहा. त्यानंतर चित्रांची मर्यादा ६० वर बांधा. पडदाच सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा असेल तर दीडशे काढून उपयोग थोडाच? मर्यादा घातली की आकडा उतरतो, पंखा शांत होतो आणि विजेचीही बचत होते. खेळताना ३५० वॉट ओढणारा संगणक रोज तीन तास चालला तर महिन्याला तीसेक युनिट होतात. शंभर युनिटांच्या आत बिल ठेवू पाहणाऱ्या घरात ही रक्कम जाणवते.

एवढे सगळे करूनही साऱ्या कोअरचे आलेख माथ्याला टेकलेले असतील, उष्णता ठीक असेल, पाहुणा कोणी नसेल आणि खेळ बनवणाऱ्याने सांगितलेली किमान गरजच आपल्या यंत्रापेक्षा मोठी असेल, तर मात्र नवा प्रोसेसर ही चैन नव्हे. मग घ्यावा, आणि तो खर्च मुलाला ऐकवूही नये.

कोणी म्हणेल, खेळासाठी इतका खटाटोप कशाला? खेळाला वेळेची मर्यादा हवी, याबद्दल माझे दुमत नाही. पण एक लक्षात घ्या. शाळेत उष्णता, वेग, शेकडेवारी आणि वीज ही चार प्रकरणे चार वेगवेगळ्या पुस्तकांत असतात. इथे ती एका डब्यात एकत्र येतात, आणि मुलाला त्यांची खरी गरज असते. ‘बंद कर’ म्हणून ही संधी आपण घालवतो. ‘घे’ म्हणून पैसे देणारा बापही ती घालवतोच.

म्हणून पुढच्या वेळी घरात नव्या प्रोसेसरची मागणी आली, तर नाही म्हणू नका आणि लगेच हो म्हणूनही मोकळे होऊ नका. मुलाला किंवा मुलीला एक कोरा कागद द्या. कोणता भाग दमला, किती तापला, मर्यादा घातल्यावर काय झाले, ते आठवडाभर लिहून आणायला सांगा. आणि तो कागद घेऊनच दुकानात जा. तिथे बोलणे कागदावरच्या आकड्यांवरून सुरू होईल, आणि ते करायला तुमच्याबरोबर घरातलेच जाणते माणूस उभे असेल.