समेटाआधी दवाखाना

बाईला होणाऱ्या मारहाणीचा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे कुणी विचारील. तो कायद्याचा विषय आहे, पोलिसांचा आहे, फार तर घरातल्या चार भिंतींचा आहे, असे आपण धरून चालतो. पण कानाखाली मारल्याने कानाचा पडदा फाटतो. गरोदर बाईच्या पोटावर लाथ बसली तर गर्भ पडतो. वर्षानुवर्षे धाकात राहणाऱ्या बाईची झोप जाते, डोके कायम दुखते, जेवण तुटते, जीव नकोसा होतो. ही बाई डॉक्टरकडे जाते, पण केसपेपरवर लिहिले जाते ‘पडून मार’, नाहीतर ‘अशक्तपणा’. तिला इंजेक्शन मिळते, गोळ्या मिळतात आणि ती त्याच घरी परत जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चारांत एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणानुसार देशात हिंसा सोसलेल्या शंभर जणींपैकी मदत मागणाऱ्या फक्त चौदा. बाकीच्या गप्प. इतक्या घरांत एखादा ताप पसरला असता तर आरोग्य खात्याने दारोदार माणसे पाठवली असती.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खरे नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. संरक्षण अधिकारी तिचा अहवाल तयार करून न्यायालयात देतो. न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकिलाला द्यायला पैसे नसले तरी चालते, कारण कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना आहे. तिथे तात्पुरता निवारा, समुपदेशन, पोलीस आणि वकील यांची मदत एका छताखाली मिळावी असे ठरले आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ पासून आहे, आणि तिच्यात आता दहा लाखांपर्यंत अर्थसाहाय्य मिळू शकते. मदतीसाठी १८१ आणि ११२ हे क्रमांक आहेत, मुलांसाठी १०९८.

कागदावर एवढे सगळे आहे. प्रश्न अंतराचा आहे. आपला जिल्हा सोळा तालुक्यांचा. उमरखेड किंवा वणीहून यवतमाळ शंभर किलोमीटरहून लांब. झरी जामणीच्या पोडावरून निघालेल्या बाईला तर आधी तालुक्याचे गाव गाठायचे आहे. अंगावर मार, कडेवर लेकरू, हातात भाड्याचे पैसे नाहीत, आणि मदत मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले की महिला व बालविकास विभागातले अधिकारी जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून नेमा आणि या कायद्याची लोकांना माहिती द्या. आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, त्याचे नाव काय, तो कोणत्या कार्यालयात बसतो, हे वस्तीतल्या किती जणींना सांगता येईल? ज्या अधिकाऱ्याचे नाव कुणाला माहीत नाही, तो बाईच्या दृष्टीने नेमलेलाच नाही.

मात्र एक सरकारी दार खरोखर जवळ आहे. ते म्हणजे दवाखाना. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, पुसद-पांढरकवडा-दारव्ह्याची उपजिल्हा रुग्णालये आणि शेवटी यवतमाळचे मेडिकल. आशाताई तर आपल्याच गल्लीत राहते. बाई पोलीस ठाण्यात जायला भिते, पण दवाखान्यात जाते. ‘पोट दुखते’ म्हणून घरातून निघता येते. म्हणून माझे म्हणणे असे की हिंसा थांबवण्याचे सरकारी काम दवाखान्यापासून सुरू झाले पाहिजे. आज ते तिथे जवळजवळ पोचलेलेच नाही.

हे शक्य आहे का? आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. परिचारिकांना आणि डॉक्टरांना शिकवले की अशा जखमा ओळखायच्या कशा, सोबतच्या नवऱ्याला किंवा सासूला बाहेर बसवून बाईला एकटीला विचारायचे कसे, आणि मग तिला त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे न्यायचे कसे. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही हे काम गेले. त्याला लागते एक खोली, एक प्रशिक्षित समुपदेशक आणि विचारायची तयारी असलेली परिचारिका. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एवढे करणे जिल्ह्याला जड नाही.

दवाखान्यातल्या कागदाचे मोल आपल्या समाजाने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. १९७२ मध्ये आजच्या गडचिरोलीतल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या तपासणीत डॉक्टरने अंगावर जखमा नसल्याचे आणि ‘दोन बोटांच्या’ चाचणीचे निष्कर्ष लिहिले. त्या लिखाणाने तिची बाजू पडली. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडले. देशभर संताप उसळला, तेव्हा १९८३ मध्ये कायदा बदलला. ती चाचणी मात्र पुढे कित्येक वर्षे चालूच होती. आपल्या शेजारच्या सेवाग्राम वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी ती बंद व्हावी म्हणून पाठपुरावा केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशी चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

खैरलांजी आपण विसरू शकत नाही. २००६ मध्ये भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पहिले शवविच्छेदन इतके अपुरे होते की पुरलेले मृतदेह पुन्हा बाहेर काढावे लागले. खुनासाठी शिक्षा झाली, पण स्त्रियांच्या विटंबनेचा आरोप न्यायालयात टिकला नाही, ॲट्रॉसिटीचे कलमही टिकले नाही. पहिल्या दिवशी जे नीट लिहिले जात नाही, ते नंतर मोर्चे काढून लिहिता येत नाही.

कागदाचा संबंध थेट मदतीच्या रकमेशीही आहे. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर ॲट्रॉसिटी कायदा लागतो, आणि १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. या कायद्याच्या २०१६ च्या नियमांनुसार बलात्कारपीडितेला पाच लाखांची मदत आहे. तिच्यातली निम्मी रक्कम वैद्यकीय तपासणी आणि तिला दुजोरा देणारा अहवाल आल्यावर, पाव आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि उरलेली पाव खटला संपल्यावर मिळते. म्हणजे पहिला हप्ता डॉक्टरच्या अहवालावर अडतो किंवा सुटतो.

म्हणून प्रत्येक घरात या गोष्टी पाठ हव्यात. अत्याचार झाला तर अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, ते कागदी पिशवीत ठेवून सोबत न्यावेत. अंघोळ झालीच असेल तरी जावे, कारण पुरावा चार दिवसांपर्यंत मिळू शकतो. आधी एफआयआर आणा, मग तपासू, असे कोणताही दवाखाना म्हणू शकत नाही. खासगी दवाखान्यानेही प्रथमोपचार आणि उपचार मोफत द्यायचे आहेत. नाकारणे हा गुन्हा आहे. डॉक्टर पोलिसांना कळवतो, पण तपासणी बाईच्या संमतीनेच होते. नको वाटेल त्या भागाला ती नाही म्हणू शकते, आणि तरीही तिचे उपचार थांबत नाहीत. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भ राहू नये म्हणून गोळी जितकी लवकर तितकी चांगली. गर्भ राहिलाच तर अत्याचारपीडितेला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो. तपासणीच्या अहवालाची प्रत मोफत मागून घ्यावी. घरच्या मारहाणीतही डॉक्टरला खरे सांगावे: कुणी मारले, कशाने, कधी. ‘पडले’ असे एकदा लिहिले गेले की वकील तेच वाचून दाखवतो.

सरकारकडून आपली मागणी साधी असावी. २०२१ मध्ये विधिमंडळाने गाजावाजा करून ‘शक्ती’ विधेयक मंजूर केले. त्यात फाशीची तरतूद होती. ते कायदा होऊ शकले नाही. फाशीच्या घोषणेने ग्रामीण रुग्णालयात स्त्री डॉक्टर येत नाही, तपासणीचे किट येत नाही. आपण मागावे ते हे: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि फोन, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात समुपदेशकाची खोली, रात्रीही होणारी तपासणी, आणि आशाताईंना या कामाचे प्रशिक्षण व मानधन.

आता आपल्याकडे वळू. वस्तीत मारहाणीची गोष्ट बाहेर आली की चार जाणती माणसे बसतात, दोघांना समोरासमोर बसवतात आणि समेट घडवतात. ‘समाजाची बदनामी नको’ हे वाक्य त्यात हमखास येते. बदनामी मारणाऱ्याने केलेली असते, सांगणारीने नाही. समेटाच्या बैठकीत जखम तपासली जात नाही. ती आठवड्यात भरते, पुरावा जातो, आणि पुढच्या वेळचा मार जास्त असतो. बाईला समेट हवा असेल तर तो तिचा निर्णय. पण त्याआधी दवाखाना, केसपेपर आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे नोंद व्हावी.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते की समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. विहारात आपण पंचशील घेतो. त्यातले पहिले शील हिंसेबद्दल आहे, तिसरे कामाच्या मिथ्याचाराबद्दल, पाचवे दारूबद्दल. तिन्ही शिले घराच्या उंबरठ्याच्या आतही लागू आहेत. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी नवऱ्याची कर्तव्ये सांगताना बायकोचा मान राखणे पहिले ठेवले आणि तिचा अनादर न करणे दुसरे.

या वर्षावासात प्रत्येक विहाराच्या महिला मंडळाने एक काम करावे. आपल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव शोधावे, ते विहाराच्या फलकावर १८१ आणि ११२ च्या शेजारी लिहावे, आणि रात्री-अपरात्री बाईसोबत दवाखान्यात जाणाऱ्या दोन जणींची नावे त्याखाली लिहावीत. नाव सापडले नाही, तर तहसीलदारांना निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी.