गुप्तदान आणि गुप्त वर्गणी

आपल्या भाषेत ‘गुप्तदान’ हा शब्द आदराने उच्चारला जातो. देणाऱ्याला गर्व होऊ नये व घेणाऱ्याला ओशाळे वाटू नये, हा त्यामागील सुसंस्कृत विचार. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूनेही दानधर्माचा गाजावाजा करू नये, असेच शिकविले. परंतु या पवित्र शब्दाच्या आडोशाला एक निराळाच व्यवहार सुखाने नांदतो आहे. सत्तेच्या पदावरील माणसे राजकारणात उतरलेल्या संस्था-संघटनांना पैसे देतात आणि कोणी विचारणा केली, तर ‘ती माझी खाजगी बाब’ हे उत्तर तयार असते.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. जो लोकांच्या वतीने निर्णय घेतो, मग तो मंत्री असो, नगरसेवक असो वा न्यायाधीश, त्याने राजकीय कार्य करणाऱ्या कोणत्या संघटनेला किती पैसे दिले, हे दरवर्षी जाहीर केलेच पाहिजे. भुकेल्याला दिलेला घास हे दान होय. राजकीय संघटनेला दिलेला पैसा हे एका बाजूला टाकलेले वजन आहे.

आज कायदा काय विचारतो, ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण व फौजदारी खटले नमूद करावे लागतात. पतिपत्नीजवळ सोने किती, हेही आपल्याला कळते. पण त्याने कोणाला पैसे दिले, हा रकाना तेथे नाही. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. तिच्यात संचालकपद, भागभांडवल, सल्लागारी यांची नोंद होते, देणग्यांची नाही. राजकीय पक्षांना वीस हजार रुपयांवरील देणग्यांची यादी निवडणूक आयोगाला द्यावी लागते खरी. परंतु पक्षांच्या अवतीभवती वावरणारे न्यास, प्रतिष्ठाने आणि मंच त्या तरतुदीबाहेरच राहतात. माणसाने काय जमविले ते आपण विचारतो, ते कोणाच्या पाठीशी उभे केले ते विचारीत नाही. त्याची निष्ठा तर त्याच्या देण्यातूनच अधिक कळते!

सरकारी नोकरांची गोष्ट आणखी विलक्षण आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील पाचवा नियम त्यांना राजकारणात भाग घेणाऱ्या संघटनांशी संबंध ठेवण्यास आणि राजकीय चळवळीला वर्गणी देण्यास मनाई करतो. महाराष्ट्राच्या १९७९ च्या नियमांतही तशीच मनाई आहे. म्हणजे तहसील कचेरीतील कारकुनाला शंभर रुपयांची वर्गणी वर्ज्य, आणि त्याच्यावर हुकूम चालविणाऱ्या मंत्र्याला साधा प्रश्नही नाही! शिवाय, एखादी संघटना राजकारणात भाग घेते की नाही, याचा अंतिम निर्णय सरकारचाच. ९ जुलै २०२४ रोजी केंद्र सरकारने आपल्या १९६६, १९७० व १९८० च्या परिपत्रकांतून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे नाव वगळले. ते योग्य की अयोग्य, हा वाद मी येथे घालीत नाही. काल जे निषिद्ध होते ते एका परिपत्रकाने आज मोकळे होते आणि उद्या पुन्हा निषिद्ध होऊ शकते, एवढेच दाखवायचे आहे. बंदी सत्तेच्या मर्जीनुसार वाकते. उघड नोंद मात्र सर्वांसाठी सारखीच राहते.

यावर आक्षेप येईल की राजकीय मत खाजगी असते. नावे उघड झाली तर सूड उगविला जाईल. हा आक्षेप क्षुल्लक नाही. एखादा छोटा दुकानदार किंवा मच्छीमार मोर्चासाठी पन्नास रुपये देतो, तेव्हा त्याचे नाव झाकलेले राहावे, हेच इष्ट. पण ते झाकण दुबळ्याचे सबळापासून रक्षण करते. पदाधिकाऱ्याची गुप्तता सबळाला दुबळ्याच्या प्रश्नापासून वाचविते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे योजना रद्द करताना घटनापीठाने राजकीय देणगीदाराचे खाजगीपण मान्य केले. मात्र धोरणावर प्रभाव पाडण्यासाठी दिलेल्या पैशाला ते संरक्षण नाही, असेही बजावले. मग ज्याच्या हाती धोरणाची लेखणीच आहे, त्याने अधिक आडोसा कोणत्या तोंडाने मागावा?

माहितीचा अधिकार वापरा, असे कोणी सुचवील. अधिकाऱ्याचे आयकर विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच ठरविले आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने ते कुंपण आणखी उंच केले. विचारून मिळत नाही, म्हणूनच न विचारता जाहीर करण्याचे बंधन हवे.

समजा, गावच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाला परवानगी द्यावी की नाही, हा ठराव सभागृहात आला आहे. त्या परवानगीसाठी चळवळ करणाऱ्या मंचाला ज्याने लाखभर रुपये दिले, तोच मतदानाला बसला आहे. ज्या शेतकऱ्याची वाडी जाणार, त्याला हे कळू नये काय?

वाचकहो, हा नियम आपल्या माणसांनाही लागू व्हावा. धर्मग्रामातील एखादा नगरसेवक आपल्याच हक्कांसाठी लढणाऱ्या समितीला पैसे देत असेल, तर त्याने तेही निःसंकोच लिहावे. अनाथालय, रुग्णालय, देवालय यांना दिलेले दान खुशाल गुप्त राहो. राजकीय वर्गणीसाठी मात्र प्रतिज्ञापत्रात एक रकाना वाढवावा आणि पदावर असेतोवर तो दरवर्षी भरावा. पुढील निवडणुकीत मत मागायला जो दारी येईल, त्याला घरात बसवा, पाणी द्या आणि विचारा, “तुम्ही कोणाकोणाला पैसे देता?”