देवळाच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

१९२५ साली या देशाच्या दोन टोकांना दोन कायदे झाले. पंजाबात शीख गुरुद्वारा कायदा झाला आणि मद्रास इलाख्यात हिंदू धर्मादाय संस्थांचा कायदा झाला. दोन्हींमागचे दुखणे सारखेच होते. पंजाबातील महंत गुरुद्वारांना स्वतःची खासगी मालमत्ता समजू लागले होते, तर दक्षिणेत विश्वस्तांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्या होत्या. उपचार मात्र अगदी वेगळे निघाले. शीख समाजाने ननकाना साहिब येथे १९२१ मध्ये रक्त सांडले, पुढे तुरुंग भरले आणि अखेर महंतांच्या कमरेच्या किल्ल्या समाजाने निवडून दिलेल्या समितीकडे आणल्या. त्या निवडणुकीत स्त्रियांनाही मताचा अधिकार मिळाला. मद्रासेत मात्र सरकारने नेमलेल्या मंडळाची देखरेख आली. १९२७ मध्ये नवा कायदा झाला, १९५१ च्या कायद्याने मंडळाच्या जागी आयुक्त आणि त्याचे खाते बसविले, आणि १९५९ मध्ये आजचा कायदा आला. देखरेखीसाठी उंबरठ्यावर उभे राहिलेले सरकार असे पायरीपायरीने आत येऊन कारभारी झाले. तमिळनाडूतील ३६ हजारांहून अधिक मंदिरे आणि सुमारे पावणेपाच लाख एकर देवस्थान-जमीन आज एका सरकारी खात्याच्या नियंत्रणाखाली आहे.

राज्यघटनेला हे अभिप्रेत होते काय? अनुच्छेद २६ प्रत्येक धर्मसंप्रदायाला आपल्या धार्मिक बाबींचा आणि मालमत्तेचा कारभार पाहण्याचा हक्क देतो. मालमत्तेचा कारभार कायद्यानुसार असावा, अशी अट आहे. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिरूर मठाच्या खटल्यात मद्रास सरकारने लादलेली वर्गणी हा कर ठरवून रद्द केली. त्याच वर्षी मुंबई राज्याच्या विश्वस्त कायद्याविषयी निकाल देताना न्यायालयाने स्पष्ट केले की, कायदा कारभाराचे नियमन करू शकतो. कारभाराचा हक्कच संप्रदायाकडून काढून घेऊ शकत नाही. २०१४ मध्ये चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या प्रकरणातही हेच तत्त्व पुन्हा उच्चारले गेले. गैरव्यवस्था असेल तर ती दूर होईपर्यंत सरकारने हस्तक्षेप करावा, परंतु तेथे कायमचा मुक्काम ठोकू नये. साठ वर्षांच्या अंतराने दिलेले हे निकाल सरकारी कपाटात बंद राहिले, मुक्काम मात्र सुरूच राहिला.

महाराष्ट्राची स्थिती वेगळी आहे, असे समजण्याचे कारण नाही. पंढरपूरसाठी १९७३ चा कायदा आहे, प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासाठी १९८० चा आणि शिर्डी संस्थानासाठी २००४ चा. तिन्ही ठिकाणी कारभारी मंडळ राज्य सरकार नेमते. त्याचा अर्थ काय होतो, हे २०१८ च्या अखेरीस दिसले. निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी शिर्डी संस्थानाकडून ५०० कोटी रुपये बिनव्याजी कर्ज म्हणून घेण्याचे ठरले. दुष्काळी गावांना पाणी मिळावे, याविषयी कोणाचेच दुमत नसेल. प्रश्न निराळा आहे. कर्ज मागणारे सरकार आणि ते मंजूर करणारे मंडळही सरकारनेच नेमलेले. अशा व्यवहारात ‘नाही’ कोण म्हणणार? कालवे बांधणे हे राज्याचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी जनता कर भरते. भक्ताने पेटीत टाकलेला रुपया हा दुसरा कर नव्हे.

येथे एक कटू सत्य उच्चारलेच पाहिजे. हा निर्णय झाला तेव्हा राज्यात हिंदुत्वाचा उच्चार करणारे सरकार होते. शनिशिंगणापूरच्या देवस्थानाचा कारभार हाती घेण्याचा कायदाही त्याच सरकारने २०१८ मध्ये केला. उत्तराखंडात २०१९ साली चारधामसह ५१ मंदिरे एका सरकारी मंडळाखाली आणली गेली, तीही त्याच विचाराच्या सरकारकडून. तीर्थपुरोहितांच्या प्रदीर्घ आंदोलनानंतर २०२१ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. दानपेटीचा मोह झेंड्याचा रंग पाहत नाही. म्हणून ‘आपले सरकार आहे, मग चिंता कशाची’ ही समजूत घातक आहे. आज आपल्यांनी घडविलेले कुलूप उद्या कोणाच्या हाती जाईल, याची शाश्वती कोणी द्यावी?

सरकारी नियंत्रणाचे समर्थक दोन युक्तिवाद करतात. पहिला, सरकार असले की कारभार स्वच्छ राहतो. तुळजापूरच्या मंदिर संस्थानाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. तेथील दानपेट्यांच्या लिलावातील गैरव्यवहाराच्या आरोपांची चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळली आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाला गुन्हा नोंदविण्याचा आदेश द्यावा लागला. यावर अधिक भाष्याची गरज नाही.

दुसरा युक्तिवाद गंभीर आहे आणि त्याला गंभीरपणेच उत्तर दिले पाहिजे. सरकार बाजूला झाले तर अस्पृश्यता आणि पुरोहितांची मिरासदारी परत येईल, असे म्हटले जाते. इतिहास पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही. विठ्ठलाचे दार सर्वांना उघडे व्हावे यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले, ही हिंदू समाजाच्या मनाला कायम टोचणारी गोष्ट आहे. परंतु मंदिरप्रवेशाचा कायदा करण्याचा अधिकार राज्याला अनुच्छेद २५ ने स्वतंत्रपणे दिला आहे. त्यासाठी पेटीचा ताबा लागत नाही. शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ मध्ये स्त्रियांना खुला झाला, तो १९५६ च्या प्रवेशविषयक कायद्याच्या आणि न्यायालयाच्या बळावर. त्या वेळी देवस्थान स्थानिक विश्वस्तांकडेच होते.

मिरासदारीचे म्हणाल, तर ‘समाजाकडे द्या’ याचा अर्थ ‘बडव्यांकडे परत द्या’ असा मुळीच नाही. पंढरपुरातील वंशपरंपरागत हक्क रद्द झाले, चार दशकांच्या न्यायालयीन लढाईनंतर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले, हे योग्यच झाले. खंत एवढीच की, बडव्यांच्या हातून सुटलेल्या किल्ल्या वारकऱ्यांच्या हाती आल्या नाहीत. समितीवर वारकरी घेतले जातात. परंतु त्यांची निवड वारकरी करीत नाहीत, मंत्रालय करते.

समाजाला हा भार पेलेल काय? शेगावकडे पाहावे. श्री गजानन महाराज संस्थानाचा कारभार विश्वस्त पाहतात, आणि हजारो सेवेकरी पाळीपाळीने येऊन विनावेतन राबतात. तेथील स्वच्छता, शिस्त आणि भक्तनिवासाची व्यवस्था यांचे कौतुक सरकारी अधिकारीही करतात. शिवशंकरभाऊ पाटील यांनी दशकानुदशके ही घडी बसविली, ती कोणत्याही शासकीय अध्यादेशाने नव्हे, तर सेवाभावाने.

तथापि नुसती सद्भावना पुरत नाही, नियमही लागतात. शिरोमणी समितीची सार्वत्रिक निवडणूक २०११ नंतर झालेली नाही आणि पक्षीय राजकारणाने ती संस्था ग्रासली, हाही धडा घ्यावा लागेल. म्हणून मागणी नेमकी हवी. भक्तांची नोंदवही असावी आणि तीत जात व लिंग यांचा भेद नसावा. विश्वस्तांची मुदत ठरलेली असावी व निवडणूक वेळेवर व्हावी. पक्षाच्या पदाधिकाऱ्याला विश्वस्तपद नसावे. हिशेब आणि जमिनीची नोंद दरवर्षी मंदिराच्या भिंतीवर लावावी. सरकारने लेखापरीक्षण करावे, चोर सापडला तर त्याला तुरुंगात धाडावे आणि तेथेच थांबावे.

हे सारे मिळवायचे तर केवळ घोषणांनी भागणार नाही. आपल्या गावच्या देवळाचा वार्षिक ताळेबंद किती कुटुंबांनी पाहिला आहे? विश्वस्तांच्या सभेला कोण जाते, तेथे प्रश्न कोण विचारतो? देवळाचा संबंध दर्शन, प्रसाद आणि नवस यांपुरता ठेवणाऱ्या समाजाला किल्ल्या मिळाल्या, तरी त्या चार धनदांडग्यांच्या खिशात जायला वेळ लागणार नाही. पंजाबात किल्ल्या समाजाकडे आल्या, कारण त्या सांभाळण्यासाठी समाज आधीच जथ्याजथ्याने उभा राहिला होता. महाराष्ट्रातील हिंदू समाजाने ही सुरुवात आपल्या गावच्या देवळापासून करावी. येत्या वर्षीचा हिशेब वाचायला मागावा, आणि तो कळेपर्यंत उठू नये.