मशीन सुरू असताना पायही पाहा

परळला १९२६ पासूनचे केईएम रुग्णालय, प्रभादेवीला सिद्धिविनायक मंदिर न्यासाचे डायलिसिस केंद्र. दादरला उतरून या पट्ट्यात उपचारांना येणारे रुग्ण मुंबईला नवे नाहीत. २०१६ चा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांमुळे गरिबालाही मशीनपर्यंत पोहोचणे शक्य झाले. आता लक्ष द्यायला हवे ते त्याच्या पायांकडे.

डायलिसिसला आलेल्या रुग्णाचे वजन, रक्तदाब आणि हातातला फिश्चुला (धमनी-शिरेचा जोड) पाहिला जातो. पायांतले मोजे मात्र अनेकदा तसेच राहतात. मूत्रपिंड निकामी झाले की रक्तात फॉस्फरस वाढतो, तो कॅल्शियमसह धमन्यांच्या भिंतींत साचतो आणि धमन्या कडक होतात. जोडीला मधुमेह असेल, तर गुडघ्याखालच्या धमन्या अरुंद होत जातात. चार तासांत दोन-तीन लिटर पाणी काढताना रक्तदाब घसरला, की बोटांपर्यंत पोहोचणारे तुटपुंजे रक्त आणखी घटते.

पायांच्या धमन्यांचा हा आजार लपून राहतो. एरवी चालताना पोटरी दुखते आणि शंका येते. पण थकलेला रुग्ण फारसा चालतच नाही. नसा बधिर झाल्या असतील तर जखमही जाणवत नाही. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना करणारी नेहमीची चाचणीही फसवते: कडक धमनी पट्ट्याने दबत नाही, त्यामुळे आकडा उगाच चांगला येतो. अशा रुग्णांत पायाच्या अंगठ्यातला दाब मोजणे अधिक भरवशाचे.

हातही सुटत नाही. फिश्चुलासाठी धमनी थेट शिरेला जोडतात. काहींमध्ये त्या वाटेने इतके रक्त वळते की पंजा थंड पडतो, बोटे दुखू लागतात. हे ‘चालायचेच’ म्हणून सोसू नये.

रुग्णाने रोज तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, अनवाणी चालू नये, पावसात भिजलेले मोजे लगेच बदलावेत, तंबाखू सोडावी. बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नये. बोट काळवंडले किंवा जखम झाली, तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

रुग्ण चार तास समोरच असतो. महिन्यातून एकदा पाय तपासायला पाच मिनिटे पुरतात. सरकारी पैशांतून चालणाऱ्या प्रत्येक केंद्राला या तपासणीची नोंद सक्तीची करावी.