भेटीला येऊ नका, हे सांगायचे कसे?

जुन्नर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या धाकट्या दिरांना रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी तो आटोक्यात आला असून आता नवी मुंबईत, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये त्यांच्यावर मज्जारोपण व्हायचे आहे. मज्जा देणार आहेत थोरले भाऊ, म्हणजे या ताईंचे यजमान. रुग्णाजवळ राहायचे ताईंनी. त्या लिहितात, "जंतुसंसर्ग होऊ देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. इकडे सासूबाई अंगारा आणि तीर्थ बरोबर देत आहेत. भावकीतली पंधरा-वीस माणसे टेंपो करून भेटायला निघाली आहेत. नाही म्हणावे तर माणसे दुखावतात. काय करू?"

ताई, माणसे दुखावली तर दुखावू द्या. त्यांची समजूत मागाहून घालता येईल. तुमच्या दिरांच्या वाट्याला येणारे तीन-चार आठवडे मात्र पुन्हा हाती लागायचे नाहीत, म्हणून आज त्याबद्दलच सविस्तर लिहितो.

मज्जारोपण आपल्याकडे नवे राहिलेले नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली ते प्रथम यशस्वी करून दाखविले. पुढे हे काम टाटांच्याच खारघरच्या केंद्रात गेले. हाडाच्या पोकळीतल्या मगजात आपले रक्त तयार होते. रोपणाआधी आठवडाभर फार जहाल औषधे देतात. त्यात उरलासुरला रोग जातो आणि रुग्णाचा स्वतःचा मगजही जातो. मग भावाच्या पेशी सलाईनसारख्या शिरेतून सोडतात. यात चिरफाड नाही. त्या पेशी रक्तातून आपणहून हाडांपर्यंत पोचतात आणि तेथे रुजतात. तणासकट सारे रान नांगरून मोकळे केले आणि पेरणी केली, तसेच हे. उगवण व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस शेताला ना कुंपण ना राखण्या.

राखण करतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यांतल्या जंतूंवर तुटून पडणाऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. धडधाकट माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या दोन हजारांच्या वर असतात. पाचशेच्या खाली गेल्या की धोका, आणि या दिवसांत त्या शंभराच्याही खाली जातात. वॉर्डात सगळे "काउंट किती?" म्हणून विचारतात, तो हाच.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण इथेच शहाणीसुरती माणसे फसतात. बैलाच्या खांद्याला आवाळू आले, ते पिकले, पू झाला, म्हणजे आत घाण आहे हे आपल्याला कळते. हा पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशीच. त्या पेशीच नसतील तर पू होत नाही, सूज नाही, लाली नाही. छातीत जंतू पसरले तरी फोटो सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो. उरते एकच खूण, ती म्हणजे ताप. थर्मामीटर एकदा जरी १०१ दाखवू लागला, किंवा १००.४ वर तासभर टिकून राहिला, तर ती घाईची वेळ समजायची. पहिले प्रतिजैविक तासाभरात शिरेतून जावे, असा दंडक आहे. थंडी वाजली, अंग थरथरले, तर ताप दिसेपर्यंतही थांबू नका. रात्रीचे दोन वाजले असतील, सिस्टर आत्ताच बसल्या असतील, तरी उठवा. आपल्या माणसांना वाटते, उगाच त्रास कशाला, सकाळी राउंडला सांगू. ती सकाळ उजाडेलच असे नसते. आणि ताप उतरवणारी गोळी परस्पर मुळीच देऊ नका, कारण तिने ताप झाकतो आणि आतला जाळ तसाच राहतो.

बरे, हे जंतू येतात कोठून? पुष्कळसे बाहेरून येतच नाहीत. ते रुग्णाच्या तोंडात, आतड्यात, कातडीवर जन्मभर सुखाने नांदत असतात, आणि राखण्या नाही असे पाहून आत शिरतात. म्हणून रोज अंघोळ हवीच. "आजाऱ्याला पाणी लावू नये" हे घरचे शास्त्र इथे चालत नाही. तोंड येते, गिळवत नाही, तरी सांगितलेल्या पाण्याने दिवसातून पाच-सहा वेळा चूळ भरायची. ब्रश मऊ हवा. कडुलिंबाची काडी नको, मिश्री तर नकोच, हिरडी सोलली की तेथूनच वाट होते. छातीत किंवा दंडात औषधासाठी जी नळी घातलेली असते तिला तुम्ही हात लावायचा नाही. तिची पट्टी ओली झाली वा सुटली तर लगेच सांगायचे.

एक नाजूक गोष्ट. शौचाच्या जागी दुखणे, मूळव्याध, बद्धकोष्ठ, हे या दिवसांत फार धोक्याचे असते. तेथे पू न होताच जंतू रक्तात जातात. पण दीर वहिनीला हे सांगणार कसे? लाजेपायी चार दिवस गप्प राहिलेले गडी आहेत. तेव्हा आजच भावजींना सांगून ठेवा, की मला नका सांगू, पण वॉर्डातल्या ब्रदरना त्याच वेळी सांगा. एनिमा वगैरे घरगुती उपाय नकोत.

बाहेरून येणाऱ्यांत सर्वांत वाईट म्हणजे बुरशी. २०२१ साली करोनामागोमाग आलेली काळी बुरशी महाराष्ट्र विसरलेला नाही. ॲस्परजिलस नावाची दुसरी एक बुरशी भिजलेल्या कडब्यात, उकिरड्यावर, बांधकामाच्या धुळीत असते. तिचे बीज मिलिमीटरच्या तीन-चारशेव्या भागाएवढे. आपण ते रोज श्वासातून आत घेतो आणि आपले काही बिघडत नाही. यांचे बिघडते. म्हणूनच अशा कक्षात गाळलेली हवा सोडतात आणि आतला दाब बाहेरच्याहून किंचित जास्त ठेवतात. दार उघडले तर हवा आतून बाहेर जावी, बाहेरची आत येऊ नये, अशी ती योजना. "जरा वारा येऊ द्या" म्हणून दार टेकवून ठेवले की तिच्यावर पाणी पडते.

आता सासूबाईंचा अंगारा. त्यांच्या श्रद्धेला कोणी नावे ठेवत नाही. पण अंगारा म्हणजे दहा हातांची चिमूट लागलेली राख. तीर्थात तुळस, दूध, दही आणि पुन्हा अनेकांचे हात. हाराच्या आणि फुलदाणीच्या पाण्यात तर जंतूंची पैदास असते. गोमूत्राचे नावही काढू नका. मी म्हणेन, अंगारा देवापुढे डबीत ठेवावा आणि भावजींच्या फोटोला सासूबाईंनी रोज लावावा. परत आल्यावर, डॉक्टर हो म्हणतील तेव्हा, कपाळाला लागेल.

आणि टेंपो? तो येऊ द्या! मात्र वॉर्डात कोणी जायचे नाही. साधे पडसे या रुग्णांच्या छातीत उतरते, आणि कांजिण्यांचे पोर तर पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोग वाटत फिरते. भावकीने जायचे ते रक्तपेढीत. या आजारात रक्त आणि प्लेटलेट सतत लागतात, आणि प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत. आधी पेढीला विचारा, कोणत्या दिवशी किती माणसे पाठवू, आणि नाते सांगा. जवळच्या नात्यातल्यांचे रक्त सहसा त्याच रुग्णाला देत नाहीत, पण पेढीत जमा झालेले दुसऱ्या कोणाच्या लेकराला लागते. आल्याचे सार्थक झाले, असे म्हणत माणसे परततील, आणि कोणी दुखावणारही नाही.

तुम्ही स्वतः काय करायचे? हात धुवायचे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने विद्यार्थ्यांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि शंभरात दहा-अकरा बाळंतिणी दगावत तेथे एक-दोन दगावू लागल्या. त्याच्याच व्यवसायबंधूंनी त्याला वेड्यात काढले होते. वॉर्डात हाताला चोळायचे औषध असते, ते चांगलेच. पण रुग्णाला जुलाब होत असतील तर साबण आणि पाणीच हवे, कारण जुलाबाच्या एका जंतूचे बीज त्या औषधाने मरत नाही. अंगठी, पाटल्या, काचेच्या बांगड्या घरी ठेवून जा. त्यांच्याखाली साबण पोचत नाही. आजारपणात बांगड्या काढल्याने काही अमंगळ होत नाही.

जेवण ताजे, पुरते शिजलेले, गरम. घरून डबा न्यायचा तर आधी विचारा. कच्ची कोशिंबीर, चटणी, उघड्यावरचा रस, घरचे विरजण नको. कच्चे सारेच बंद केल्याने संसर्ग टळतोच, असे अलीकडच्या काही पाहण्यांत दिसले नाही, त्यामुळे कोठे सोललेले केळे चालते, कोठे नाही. त्या वॉर्डाचा नियम तोच आपला. पाणी उकळलेले, आणि पिंपात हात न बुडवता ओगराळ्याने काढलेले.

काउंट वर आला, सुट्टी मिळाली, तरी लगेच गावी परतता येत नाही. दात्याची मज्जा घेतलेल्यांना बहुधा शंभरेक दिवस दवाखान्याजवळ राहायला सांगतात. खारघर-पनवेलकडे खोलीची सोय आताच बघा. आणि घरी आल्यावरही गोठा, शेणाचे सारवण, मळणी, कांदाचाळ, भिजकी वैरण यांपासून वर्षभर तरी दूर. बाळपणी टोचलेल्या लसींचा गुण जातो, त्या पुन्हा घ्याव्या लागतात. घरात लहान बाळ असेल तर पोलिओचे थेंब पाजण्याआधी डॉक्टरांना विचारा. थेंबांतली लस जिवंत असते.

पत्राच्या शेवटी तुम्ही भीत भीत विचारले आहे, की मज्जा दिल्याने यजमानांना कायमचा अशक्तपणा येईल का, कारण नांगर तेच धरतात. नाही येणार. चार दिवस अंग दुखेल, कंबर धरेल, पण दिलेले काही आठवड्यांत शरीर भरून काढते. देण्याआधी मात्र त्यांनाही सर्दी-तापापासून जपा. ते आजारी पडले तर सगळे अडून बसेल.